याजकपदाचें मर्म

कोणत्याहि धर्मग्रामाच्या महोत्सवांत मंदिर, शाळा व घंटा ह्यांचें स्मरण सहजच होतें. परंतु वेदीपुढें उभा राहणारा याजकच नसेल, तर ह्या सर्वांचें काय होईल, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतों. इतिहासांत असे प्रसंग आलेले आहेत, आणि याजकपदाचा अर्थ त्यांवरूनच अधिक स्पष्ट होतो.

सन १६५८ मध्यें डचांनीं सिंहलद्वीपांतील पोर्तुगीज सत्ता संपविली व कॅथलिक धर्मगुरूंस तेथें बंदी केली. तेथील श्रद्धावंतांनीं धर्म सोडला नाहीं; घरोघरीं प्रार्थना चालूच राहिल्या. प्रसंगीं बाप्तिस्मा कोणीहि देऊं शकतो. परंतु मिस्साबलि व पापक्षमा ह्या दोन गोष्टी याजकावांचून होत नाहींत. सुमारें तीस वर्षें तेथील आजारी माणसें पापनिवेदनावांचून व पवित्र प्रसादावांचून मरण पावलीं.

ही वार्ता गोव्यांत पोहोंचली, तेव्हां बाणावलीस १६५१ सालीं जन्मलेले व १६७६ सालीं दीक्षित झालेले फादर जुझे वाझ ह्यांस ती सहन झाली नाहीं. १६८७ मध्यें ते मजुराच्या वेषांत त्या बेटावर उतरले. कँडीच्या राजानें हेर समजून त्यांस कैद केलें. तरी पुढें १६९७ मध्यें तेथें देवीची साथ पसरली, तेव्हां रोग्यांची सेवा त्यांनींच केली. १७११ मध्यें कँडी येथेंच त्यांचा अंत झाला. १४ जानेवारी २०१५ रोजीं पोप फ्रान्सिस ह्यांनीं कोलंबो येथें त्यांस संतपद दिलें.

ज्या एका कार्यासाठीं एवढा धोका पत्करावा, तें कार्य कोणतें ? ख्रिस्तसभा शिकविते कीं, खरा याजक एकच, प्रभु येशू ख्रिस्त. दीक्षित याजक त्याचा सेवक व प्रतिनिधि होय. म्हणूनच मिस्सेंत भाकर हातीं घेऊन तो 'ख्रिस्ताचें शरीर' असें न म्हणतां 'माझें शरीर' असें म्हणतो. वाणी त्याची, सामर्थ्य प्रभूचें. बाप्तिस्म्यानें सर्व श्रद्धावंत ख्रिस्ताच्या याजकपणांत सहभागी होतात, परंतु दीक्षित याजकपद प्रकारानेंच भिन्न आहे, असें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६४ मध्यें सांगितलें. तें बिशपांच्या हस्तस्पर्शानें व प्रार्थनेनें मिळतें आणि त्याची मुद्रा कधींहि पुसली जात नाहीं. याजक स्वतः दुर्बळ असला, तरी त्याच्या हातचा संस्कार खराच राहतो.

जें पद दीक्षेनें मिळतें, तें जन्मावर कसें अवलंबून असेल ? तरीहि हें मान्य होण्यास काळ लागला. दिवाडी बेटावरील मातेउस द कास्त्रो ह्यांस, ते देशी म्हणून, गोव्यांत दीक्षा नाकारली गेली. ते रोमला गेले, तेथें याजक झाले, आणि १६३७ मध्यें बिशप होऊन आदिलशाहीच्या मुलुखासाठीं नेमले गेले. लॅटिन परंपरेंतील ते पहिले भारतीय बिशप होत.

आपल्या मराठवाड्यांत ही परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आली. संत फ्रान्सिस द सेल्स ह्यांच्या नांवाच्या संघाचे फ्रेंच धर्मगुरु वैजापुराकडील घोगरगांवच्या परिसरांत आले. तेव्हां हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. १७ डिसेंबर १९७७ रोजीं अमरावतीपासून वेगळा होऊन औरंगाबाद धर्मप्रांत स्थापन झाला. नगराचें नांव आतां छत्रपति संभाजीनगर झालें आहे. पण येथील महामंदिर त्याच संत फ्रान्सिसांच्या नांवें उभें आहे.

परदेशी याजकांनीं पेरलें, तें आतां आपल्या घरांतून उगवावयाचें आहे. याजक आकाशांतून उतरत नाहीं. तो कोणाचा तरी मुलगा असतो, कोणत्या तरी मातेच्या मांडीवर क्रुसाची खूण शिकलेला असतो. जुझे वाझ ह्यांस गोव्यांतील एका घरानें वाढविलें, म्हणून समुद्रापलीकडच्या मरणाऱ्यांस पापक्षमा मिळाली. ह्या महोत्सवीं आपल्या धर्मगुरूंचे आभार मानावेतच; पण पुढच्या पिढीस वेदीपाशीं याजक लाभावा, ह्यासाठीं आपल्या घरांतून काय देतां येईल, ह्याचा विचार प्रत्येक कुटुंबानें नम्रपणें करावा.