निकाह, न्यायालय आणि मुलांचे घर

१४ मार्च १९१३ रोजी दक्षिण आफ्रिकेत, केप प्रांताच्या वरिष्ठ न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी एक निकाल दिला. हसन इसप या हिंदी मुसलमान गृहस्थाची पत्नी बाई मरियम हिला त्या देशात येऊ देण्यास सरकारने नकार दिला होता. न्यायालय म्हणाले, की ज्या धर्मात एकाहून अधिक बायका करण्याची मुभा आहे त्या धर्माच्या रीतीने लागलेले लग्न येथील कायदा विवाह मानीत नाही. प्रत्यक्षात बायका किती, हा प्रश्नच नव्हे. मुभा हाच दोष!

हा विचार जुना होता. १८६६ साली लंडनमध्ये एका मॉर्मन जोडप्याच्या खटल्यात तोच मांडला गेला होता. आम्हांस नवल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. त्याच बादशहाची न्यायालये मुंबईत निकाह मान्य करून त्यावरून रोज वारसा ठरवीत होती. समुद्र ओलांडला की तीच बायको परकी!

मुलांची गत याहून चमत्कारिक. हिंदुस्थानातील ब्रिटिश मुलखात जन्मलेले मूल जन्मतःच ब्रिटिश प्रजाजन. ते नाते कोणी तोडले नव्हते. पण आफ्रिकेत बापाच्या घरी जायचे, तर ते बापाच्या कायदेशीर पत्नीचे असावे लागे. आणि पत्नीच नाही, तर औरस संतती कुठली? राजाची प्रजा खरी, पण बापाचे घर बंद. या तर्काच्या फटकाऱ्यातून हिंदूही सुटत नव्हते.

आपले नामदार गोखले १९१२ साली तिकडे जाऊन आले, तेव्हा चर्चा मुख्यतः तीन पौंडांच्या कराची होती. या निकालाने लढा माजघरात शिरला. सप्टेंबर १९१३ मध्ये सोळा जणांची तुकडी हद्द ओलांडून कैदेत गेली. तीत कस्तुरबा होत्या. त्यांना तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली.

१९१४ च्या कायद्याने एक पत्नी आणि तिची सोळा वर्षांखालील मुले यांना प्रवेश मिळाला. विजय मोठा, तरी आमच्या मते अपुरा. दुसरीची मुले बाहेरच राहिली, आणि निकाहाला निकाह म्हणून मान्यता मिळालीच नाही. दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने ही उणीव घटनाबाह्य ठरविली, आणि अशा विवाहांतील अज्ञान मुलांच्या हिताचीही दखल घेतली, ती २८ जून २०२२ रोजी.