गूगेल्न: एका क्रियापदाची कुळकथा

८ जुलै १९९८ रोजी लॅरी पेजने आपल्या नव्या शोधयंत्राची खबरबात कळवणारी ईमेल पाठवली. जाता जाता त्याने वाचणाऱ्यांना 'गूगलत राहा' असं सांगितलं. कंपनीची नोंदणी व्हायला अजून दोन महिने होते. क्रियापद मात्र आधीच जन्माला आलं होतं.

इंग्रजीत नामाचं क्रियापद करायला काही लागत नाही. मराठीही 'गूगल कर' म्हणून मोकळी होते. जर्मन भाषेत इतक्या स्वस्तात सुटका नाही. तिथे क्रियापदाच्या मूळ रूपाला शेवटी 'एन' किंवा 'न' हवा आणि पुढे ते पुरुष-काळाप्रमाणे चाललंही पाहिजे. 'क्लिंगेल्न' म्हणजे घंटा वाजवणं, 'झामेल्न' म्हणजे गोळा करणं. त्याच पंगतीत बसवायला जर्मनांनी गूगलच्या स्पेलिंगमधल्या शेवटच्या दोन अक्षरांची अदलाबदल केली, आणि झालं 'गूगेल्न'. 'तू शोधतोस' ते 'डू गूगेल्स्ट', आणि शोधून झालं की 'गेगूगेल्ट'. पाहुण्याला घरचे कपडे चढवले, ते अंगाला नेमके बसले. 'डाउनलोड'च्या वाट्याला हे भाग्य आलं नाही: त्याच्या पोटात 'गे' कोंबून केलेलं 'डाउनगेलोडेट' आजही अनेकांना खटकतं.

व्यक्तीच्या किंवा मालाच्या नावाचं क्रियापद करायची सवय जर्मनांना जुनीच. क्ष-किरणांनी तपासणं म्हणजे 'रोंटगेन', शोधकर्त्याच्याच नावाने. योहान वेकच्या कंपनीच्या काचेच्या बरण्या रबरी कडी आणि काचेचं झाकण लावून उकळायच्या, की फळं टिकतात. त्यावरून 'आइनवेकेन' आलं. बरणी दुसऱ्या कंपनीची असली तरी शब्द तोच.

गूगलला नेमकी हीच धास्ती होती. बायरचं 'ॲस्पिरिन' अमेरिकेत कुणाच्याही गोळीचं नाव होऊन बसलं होतं. २००४ साली जर्मनांच्या 'डूडेन' कोशाने 'गूगेल्न' घेतलं, अर्थ दिला 'इंटरनेटवर शोधणे'. कंपनीने हरकत घेतली. २००६च्या आवृत्तीत अर्थ झाला 'गूगल वापरून इंटरनेटवर शोधणे'. लोकांच्या तोंडी मात्र पहिलाच अर्थ राहिला.

स्वीडनमध्ये प्रकरण आणखी तापलं. शोधयंत्रावर सापडत नाही अशा गोष्टीसाठी तिथे 'ओगूगलबार' हा शब्द निघाला आणि भाषा परिषदेने तो २०१२च्या नव्या शब्दांच्या यादीत घातला. व्याख्येत गूगलचं नाव यावं, असा कंपनीचा आग्रह. २०१३च्या मार्चमध्ये परिषदेने व्याख्येला हात न लावता शब्दच यादीतून काढला, आणि आपण नाराज आहोत हे जाहीरही केलं.