खडू, आम्ल आणि 'बद्धवायू' : जोसेफ ब्लॅक यांच्या संशोधनाचे ऐतिहासिक महत्त्व

प्रस्तावना :
कार्बोनेटवर आम्लाची क्रिया झाली असता क्षार, पाणी व कार्बन डायॉक्साइड तयार होतात, हे आज शालेय विद्यार्थ्यांनाही ज्ञात आहे. तथापि या क्रियेतील फसफसणे म्हणजे नेमके काय, याचे समाधानकारक उत्तर मिळण्यास अठराव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला. एडिंबरा येथील जोसेफ ब्लॅक (१७२८-१७९९) यांनी ते उत्तर कसे शोधले, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पार्श्वभूमी :
भट्टीत भाजलेला चुना दाहक बनतो, याचे कारण अग्नीतील दाहक द्रव्य त्यात शिरते असे त्या काळी मानले जाई. स्टीफन हेल्स यांनी १७२७ मध्ये घन पदार्थांतून बाहेर पडणारी 'हवा' मोजली होती. परंतु ती सामान्य हवेहून वेगळी असल्याचे त्यांनी मानले नव्हते. या प्रश्नास वैद्यकीय महत्त्वही होते. मूतखड्यावरील एका औषधाच्या कृतीसाठी ब्रिटिश संसदेने १७३९ मध्ये जोआना स्टीफन्स यांना ५,००० पौंड मंजूर केले होते. त्यानंतर चुन्याच्या निवळीच्या गुणांविषयी एडिंबरा येथील प्राध्यापक रॉबर्ट व्हिट व चार्ल्स ऑल्स्टन यांच्यात तीव्र मतभेद निर्माण झाले. वैद्यकीय पदवीच्या प्रबंधासाठी ब्लॅक यांनी चुन्याऐवजी 'मॅग्नेशिया अल्बा' हा सौम्य पदार्थ निवडला.

प्रयोग व अनुमान :
हा प्रबंध १७५४ मध्ये सादर झाला आणि त्याचे विस्तृत रूप १७५६ मध्ये प्रसिद्ध झाले. मॅग्नेशिया भाजल्यावर त्याचे वजन सुमारे ७/१२ ने घटले. पुढे तो आम्लात विरघळला; परंतु फसफसला नाही. खडूचा प्रयोग याहून निर्णायक ठरला. १२० ग्रेन खडू भाजल्यावर ६८ ग्रेन कळीचा चुना उरला. त्यावर सौम्य अल्कलीच्या द्रावणाची क्रिया करताच ११८ ग्रेन पदार्थ परत मिळाला आणि तो आम्लात पूर्ववत फसफसू लागला. म्हणजेच चुना दाहक होतो तो काही मिळाल्यामुळे नव्हे, तर काही गमावल्यामुळे. गमावलेल्या या घटकास ब्लॅक यांनी 'बद्धवायू' या अर्थाची संज्ञा योजली. आम्ल हा वायू नव्याने निर्माण करीत नाही. चुन्याशी अधिक आसक्तीने संयोग पावून ते त्यास मुक्त करते, असे त्यांनी प्रतिपादिले.

पुढील काळात या वायूने चुन्याची निवळी गढूळ होते, या कसोटीच्या आधारे श्वासात, किण्वनात व जळत्या कोळशाच्या धुरातही तोच वायू असल्याचे त्यांनी दाखविले. जोसेफ प्रीस्टले यांनी १७७२ मध्ये खडूवर गंधकाम्लाची क्रिया करून मिळणारा वायू पाण्यात मिसळण्याची कृती प्रसिद्ध केली. हा वायू कार्बन व ऑक्सिजन यांचा बनलेला आहे, हे मात्र लाव्हाझिए यांच्या संशोधनातून स्पष्ट झाले.

समारोप :
ब्लॅक यांना या वायूची रासायनिक घडण ज्ञात नव्हती. मॅग्नेशिया व खडू यांवरील मूळ प्रयोगांत त्यांनी तो साठवून अभ्यासलाही नव्हता. तरीही क्रियेपूर्वीच्या व नंतरच्या वजनांतील तफावतीवरून अदृश्य घटकाचे अस्तित्व त्यांनी सिद्ध केले. वायू हाही रासायनिक संयोगात भाग घेणारा पदार्थ आहे, ही दृष्टी त्यातून रुजली. परीक्षानळीतील बुडबुड्यांकडे केवळ निरीक्षण म्हणून पाहणाऱ्या विद्यार्थ्यास तराजूचे हे महत्त्व समजावून देणे, हे आजच्या विज्ञानशिक्षणातही तितकेच आवश्यक आहे.