आटपाडीकरांच्या मुंबई दर्शनाची कुळकथा

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलाबाळांना घेऊन मुंबई गाठायची, दिवसभर उंचावरून शहर पाहायचे आणि तिकिटे मिळाली तर वानखेडे स्टेडियमवर क्रिकेटचा रात्रीचा सामना बघून परतायचे, या सहलीला सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुक्यातही साऱ्या महाराष्ट्राप्रमाणे ‘मुंबई दर्शन’ म्हणतात. नावातला ‘दर्शन’ हा शब्द देवळातून आला. सहलीचा साचाही तिथूनच आला, हे तिची घडण पाहिली की पटते.

आटपाडी ज्या माणदेशात येते, तिथे सगळ्या घराने मिळून बाहेर पडण्याचे जुने निमित्त म्हणजे जत्रा. तालुक्यातल्या खरसुंडीचा सिद्धनाथ, शेजारच्या माण तालुक्यातले म्हसवड आणि शिखर शिंगणापूर, पूर्वेला पंढरपूर ही बैलगाडीच्या टप्प्यातली ठिकाणे. शिंगणापूरचे शंभू महादेवाचे देऊळ डोंगरमाथ्यावर असल्याने फार लांबून दिसते. कळस नजरेस पडला की लोक जागेवरच हात जोडतात, पोराला खांद्यावर घेऊन बोटाने कळस दाखवतात. गर्दीमुळे गाभाऱ्यापर्यंत पोचता आले नाही, तरी कळसाचे दर्शन घडले म्हणजे यात्रा पावली, अशी श्रद्धा आहे. आभाळावर उमटलेली उंच आकृती लांबून डोळे भरून पाहायची, ही रीत या मुलखात उंच इमारतींच्या कितीतरी आधीची आहे.

दर्शन झाले की पावले कुस्त्यांच्या मैदानाकडे वळतात. दुपार कलली की हलगी कडाडते. आधी लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या लागतात. जिंकलेले पोर मूठभर रेवड्या घेऊन लाल मातीच्या अंगानेच आईबापाकडे धावते. मग इनामाची रक्कम चढत जाते आणि शेवटची मोठी जोडी लागेपर्यंत दिवस मावळतीला येतो. सकाळी कळस आणि संध्याकाळी मैदान, असा जत्रेचा दिवस दोन भागांचा असे. त्या दोहोंच्या मधली जागा पाळण्याची. लाकडी पाळणा हाताने फिरवला जाई आणि वर गेलेल्या पोराला क्षणभर सगळी जत्रा, तळावरची जनावरे आणि आपले गाडे एकदम दिसत. त्याच्याच जातीचा प्रचंड लोखंडी पाळणा जॉर्ज फेरिस या अभियंत्याने 1893 च्या शिकागो प्रदर्शनात उभारला. त्याची उंची 264 फूट होती. पैसे देऊन शहर वरून पाहण्याची हौस तिथे लाखो लोकांनी भागवून घेतली. त्याआधी 1889 मध्ये पॅरिसच्या आयफेल मनोऱ्याने तीच वाट दाखवली होती.

जत्रेचा हा साचा शहरात गेला तो दुष्काळामुळे. आटपाडी हा औंध संस्थानाचा भाग, माणगंगेच्या काठचा, पण पावसाच्या नावाने कोरडा. शाळू हाती लागला नाही की घरातला कर्ता पुरुष वाट धरी. काही मुंबईच्या गिरण्यांत गेले. काही गलाईच्या धंद्यात उतरले. गलाई म्हणजे सोने-चांदी वितळवून, शुद्ध करून देण्याचे काम. सराफाच्या दुकानातला कचरा, झाडलेली धूळ, जुने मोडके दागिने मुशीत घालून त्यातला धातू वेगळा काढायचा, हे कसब आटपाडी, खानापूर, विटा या पट्ट्यातल्या माणसांनी देशभरच्या सराफ बाजारांत नेले. दुष्काळी भागाने देशाच्या सोन्याच्या बाजारात आपली जागा केली, ही गोष्ट या मुलखाबाहेर अजून पुरेशी ठाऊक नाही.

पुरुष आधी एकटे जात. गिरणगावात एका खोलीत गावाकडची दहा-पंधरा माणसे पाळीपाळीने झोपत, खानावळीत जेवत. अशा खोलीत बायकामुलांना न्यायचे कुठे? म्हणून कुटुंबाची सहल सुरू व्हायला दोन गोष्टी घडाव्या लागल्या. एक, शहरात स्वतःचे बिऱ्हाड; दुसरी, स्वस्त वाहन. औंध संस्थान मार्च 1948 मध्ये विलीन झाले आणि त्याच वर्षी 1 जूनला पुणे ते अहमदनगर अशी राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. पुढे एसटी गावोगाव पोचली. त्यानंतर मुंबईतल्या काकाकडे किंवा गलाईवाल्या मामाकडे सुट्टीला जाणे ही माणदेशातल्या मुलांची ठरलेली मौज झाली. मामा कोलकात्याला असेल, तर हावडा पूल आणि ईडन गार्डन्स. मुंबईला असेल, तर चौपाटी आणि मलबार हिल.

मुंबईत उंच पाहण्याच्या आणि उंचावरून पाहण्याच्या जागा एकेक करून तयार झाल्या. 1878 मध्ये पुरा झालेला राजाबाई टॉवर 280 फुटांचा, पाहुण्यांनी मान वर करून पाहायचा. मलबार हिलवर पाण्याच्या टाक्यांच्या माथ्यावर 1880 च्या सुमारास हँगिंग गार्डन झाले. 1937 मध्ये दुमजली बस आली आणि तिच्या वरच्या मजल्यावरची पुढची बाक म्हणजे पोरांचा फिरता सज्जा झाला. हँगिंग गार्डनसमोरच्या कमला नेहरू पार्कात 1952 पासून ‘म्हातारीचा बूट’ उभा आहे. सिमेंटच्या त्या बुटाच्या पोटात जिना आहे. मुले वर चढून खिडकीतून हात हलवतात, खाली आई पदर सावरत वर पाहत उभी असते. बागेच्या कठड्याशी आले की मरीन ड्राइव्हची सबंध कमान डोळ्यांसमोर येते. तिन्हीसांजेला दिवे लागत जातात आणि ‘राणीचा हार’ हे नाव का पडले ते कोणाला सांगावे लागत नाही. या सहलीत पाहण्यासारखे सर्वांत मोलाचे ठिकाण हेच, आणि त्याला पैसेही पडत नाहीत. 2025 मध्ये मलबार हिलच्या झाडीतून उन्नत लाकडी वाट झाली. तिच्यावर समुद्राकडे पाहण्यासाठी काचेचा सज्जा आहे.

मरीन ड्राइव्हच्या त्या कमानीच्या काठाजवळच क्रिकेटची दोन मैदाने आहेत. बॅकबेमध्ये समुद्र हटवून जी जमीन मिळाली, तिच्यावर 1937 मध्ये ब्रेबोर्न स्टेडियम झाले. तिथल्या, धर्मानुसार पाडलेल्या पाच संघांच्या पंचरंगी सामन्यांचे वेड मोठे होते. सांगलीत जन्मलेल्या विजय हजारे यांनी 1943 च्या डिसेंबरात हिंदूंच्या संघाविरुद्ध ‘रेस्ट’ संघाच्या 387 धावांपैकी एकट्याने 309 केल्या. सांगलीकर आजही हा आकडा अभिमानाने सांगतात. 1975 च्या जानेवारीत शेजारच्या वानखेडे स्टेडियमवर पहिली कसोटी झाली, वेस्ट इंडीजविरुद्ध. शहराचा देखावा आणि खेळाचे मैदान जवळजवळ आल्यामुळे दोन्ही एका दिवसात बसू लागले.

तरी सामना बरीच वर्षे सहलीबाहेरच राहिला. कसोट्या बहुधा हिवाळ्यात येत. तेव्हा शाळा चालू, रानात शाळूची राखण, आणि पाच दिवस बसायला सवड कोणाला? 2008 मध्ये आयपीएल सुरू झाली आणि हे गणित पालटले. सामने एप्रिल-मेमध्ये, म्हणजे ऐन सुट्टीत. सुरुवात बहुधा संध्याकाळी साडेसातला, निकाल त्याच रात्री. निकाली कुस्तीसारखाच हा खेळ एका बैठकीत संपतो. त्यामुळे दिवसभर शहर आणि रात्री मैदान अशी जोडी आपोआप जमली.

असा साचा आणखी एका देशात जुना आहे. अमेरिकेत बेसबॉलचा हंगाम उन्हाळ्यातला, शाळांच्या सुट्टीतला. 1914 चे शिकागोचे रिग्ली फील्ड, 1931 ची न्यू यॉर्कची एम्पायर स्टेट इमारत आणि तिच्या 86 व्या मजल्यावरचा सज्जा, अशी त्या-त्या शहरातली मैदाने आणि उंच जागा जोडून तिथली कुटुंबे शहराची सहल आखतात. लेकाकडे किंवा लेकीकडे गेलेल्या मराठी आईवडिलांनाही हाच कार्यक्रम घडवला जातो. खेळाचे नियम कळले नाहीत तरी गर्दीचा कल्लोळ, खाण्याचे पुडे आणि चेंडू लांब गेला की उठणारी आरोळी त्यांना परकी वाटत नाही. जत्रेचे मैदान पाहिलेल्या माणसाला तशी ती वाटायचे कारणही नाही.

अलीकडे या सहलीत सामना पाहण्याचा हट्ट मुलीही धरतात. सांगलीत वाढलेली स्मृती मानधना ज्या भारतीय संघात होती, त्या संघाने 2 नोव्हेंबर 2025 रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर दक्षिण आफ्रिकेला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला.

खरसुंडीची चैत्री यात्राही आयपीएलच्याच दिवसांत येते. तेव्हा परराज्यांतले गलाईवाले कुटुंबासह गावाकडे येतात. त्यांची मुले सिद्धनाथाचा कळस पाहतात, आणि सुट्टी लागली की आटपाडीची मुले मुंबईकडे निघतात.