आजोबांची बंदूक आणि न मिळणारं काडतूस

आज आपण राजूरला बसलोय. इथून देवगाव जवळच, म्हणजे राघोजी भांगरे यांचा मुलूख. २ मे १८४८ रोजी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. बंडांचा इतिहास सांगताना आपण माणसं आणि लढाया सांगतो. बंदुकीत घालायचं काय, हे मात्र विचारत नाही. आज तेवढंच विचारू.

जुन्या तोड्याच्या बंदुकीला लागायची सोरा, गंधक आणि कोळशाची दारू, शिशाची गोळी आणि पेटती वात. हे सगळं मुलखातच जमवता यायचं. पुढे टोपीची ठासणीची बंदूक आली. दारू-गोळी अजून घरची, पण तांब्याची टोपी कारखान्याची. मग १८७१ ची मार्टिनी-हेन्री. तिच्या पितळी काडतुसात गोळी, दारू, टोपी सगळं एकत्र. पुण्याजवळ खडकीला १८६९ मध्येच दारूगोळ्याचा कारखाना निघाला होता. म्हणजे बंदूक जसजशी सुधारली, तसतशी ती गावाच्या हातून निसटत कारखान्याकडे गेली.

सरकारला हे नेमकं कळलं होतं. १८७८ च्या हत्यार कायद्याने बंदुकीसोबत दारूगोळ्यालाही परवाना लावला. पुढे १९०७ च्या सुमारास भारतात पॉइंट ४५० बोअरच्या काडतुसांवर बंदी आली. भीती अशी, की ती सरहद्दीवरच्या मार्टिनींच्या कामी येतील. मग विलायती कारखानदारांनी शिकारी रायफलींसाठी ४६५, ४७० अशी वेगळी मापं पुढे आणली! घराघरांत शिरून बंदुका गोळा करण्यापेक्षा काडतूस अडवणं सोपं, एवढाच त्यातला हिशेब.

आता आजचं बघा. आजोबांची रायफल नातवाकडे येते, पण तिचं काडतूस बाजारात नसतं. कुणी म्हणतं, जवळपासच्या मापाचं चालेल. नाही चालत! काळ्या दारूसाठी घडवलेली नळी आजच्या दारूचा दाब सोसत नाही. नळी फुटली तर हात जातो, डोळा जातो.

कायद्याचंही तसंच आहे. १९५९ च्या कायद्यानुसार बंदूक वारशाने आली तरी परवाना वारशाने येत नाही. तो नव्याने काढावा लागतो. तोवर हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं. दुरुस्त करूनही चालणार नाही अशा जुनाट हत्याराला मात्र कायद्यात सूट आहे. पण ते तसं आहे, हे आपण घरबसल्या ठरवू नये.

तेव्हा माळ्यावर अशी बंदूक असेल तर काडतूस शोधत फिरू नका. नळीवरचे शिक्के बघा, घरातला जुना परवाना जपून ठेवा. ही बंदूक कुणी, कशासाठी घेतली, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा. काडतूस नाही मिळालं तरी चालेल, पण ती हकीकत गेली तर पुन्हा मिळायची नाही.