चिप बनवणारी माणसं कुठून येतात?

दसऱ्याच्या आधी भाचीचा फोन आला. बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावातून ती यंदाच इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला गेली आहे. "मामा, आई-बाबा टोळीवर निघालेत. धाकट्याला सांभाळायला मला पण चल म्हणतात. हे शिकून चिपच्या कारखान्यात खरंच काम लागंल का?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. मीही तोच डिप्लोमा केलेला. ट्रान्झिस्टरची आकृती मी वहीत शंभरदा काढली असेल, पण आमच्या लॅबमधला सीआरओ कपाटात कुलूपबंद असायचा. बाहेरचे परीक्षक येणार असले की तो टेबलावर यायचा. त्याचं बटण मी पहिल्यांदा फिरवलं ते पुण्यात नोकरीला लागल्यावर. म्हणून उत्तर शोधायला मी जरा मागे, इतिहासात गेलो.

१९७६ हे साल लक्षात ठेवा. त्या वर्षी भारत सरकारने सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेड उभारायला मंजुरी दिली. त्याच वर्षी तैवानने आपल्या तरुण अभियंत्यांची तुकडी अमेरिकेतल्या आरसीए कंपनीत चिप बनवायला शिकण्यासाठी पाठवली. म्हणजे दोन्ही देश जवळपास एकाच वेळी निघाले.

तैवानची पोरं शिकून परतली. १९७७ साली सिंचू गावात छोटा प्रायोगिक कारखाना सुरू झाला आणि ती त्यातच कामाला लागली. त्या कामातूनच १९८० साली यूएमसी आणि १९८७ साली टीएसएमसी या कंपन्या निघाल्या. आज जगातल्या सर्वांत प्रगत चिप्स मुख्यतः टीएसएमसी बनवते. तुमच्या हातातल्या फोनमध्येही बहुधा तिथली एखादी असेल.

आपला कारखाना मोहालीत १९८४ साली सुरू झाला. पहिली चिप पाच मायक्रॉनची होती. तेव्हा आपण जगाच्या फार मागे नव्हतो. मग फेब्रुवारी १९८९ मध्ये मोठी आग लागली आणि कारखाना जळाला. तो पुन्हा उभा राहीपर्यंत वर्षं गेली. यंत्रं विकत आणता येतात, पण मधल्या काळात हाताची सवय मोडते, शिकवणारे पांगतात आणि शिकणारी पुढची फळी तयारच होत नाही. तरी मोहाली संपली नाही. २०२५ साली इस्रोचा 'विक्रम ३२०१' हा प्रोसेसर तिथूनच आला.

इथे माणसांना एवढं महत्त्व का? सिलिकॉनच्या एका चकतीवर शेकडो टप्प्यांचं काम चालतं आणि ते पुरं व्हायला महिने लागतात. चकत्या यंत्रं हलवतात. पण व्हॅक्यूम पंपाचा आवाज बदलला, वायूचा दाब किंचित घसरला, तर ते ओळखून यंत्र थांबवायचं काम तंत्रज्ञाचं. उशीर झाला तर सगळी खेप भंगारात जाते. ही नजर पुस्तकातून येत नाही. यंत्रापाशी वर्षं काढावी लागतात.

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने ७६ हजार कोटींची सेमीकंडक्टर योजना जाहीर केली. वेदांता-फॉक्सकॉनचा प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला गेला म्हणून २०२२ साली आपल्याकडे केवढा गदारोळ झाला! पुढच्याच वर्षी फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली. २०२३ साली एआयसीटीईने चिपनिर्मितीच्या डिप्लोमाचा नवा अभ्यासक्रम आणला, त्याची चर्चा मात्र कुठेच ऐकू आली नाही. मार्च २०२४ मध्ये धोलेऱ्यात टाटांच्या कारखान्याची पायाभरणी झाली. तंत्रज्ञान देणारी पॉवरचिप कंपनी कुठली? त्याच सिंचूची.

आता बीडकडे या. हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ मिळालं १९५८ साली. बीड शहरात रेल्वे आली ती थेट १७ सप्टेंबर २०२५ ला. शिक्षण आणि रस्ते उशिरा पोचले, पण मुकादमाची उचल वेळेवर पोचत राहिली. हंगामाआधी आगाऊ पैसे घ्यायचे, नवरा-बायकोचा मिळून एक 'कोयता' धरायचा आणि ऊस तोडून ते फेडायचे. साखर उसाच्या बुडख्यात जास्त, म्हणून कोयता जमिनीलगत बसला पाहिजे. वर पाचट काढायचं, वाढं छाटायचं, मोळी बांधायची. हे कौशल्य आमची ताई लहानपणी फडातच शिकली. कागदावर तिला अकुशल म्हणतात.

उसाच्या फडावर माणूस हवा, तर कारखाना मुकादमामार्फत त्याला आधी पैसे देतो. चिपच्या कारखान्यासाठी माणूस हवा, तर शिकण्याच्या तीन वर्षांचा खर्च मात्र त्यानेच करायचा. भाचीचा खरा प्रश्न हाच होता. २०२१ साली राज्याने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृहांची योजना आणली. ती मला कुठल्याही पायाभरणीइतकीच महत्त्वाची वाटते. शिकताना पोटाची सोय आणि उघडी लॅब एवढं मिळालं, तर कारखाना धोलेऱ्यात असला काय आणि तळेगावात असला काय, आमची पोरं पोचतील.

मी ताई आणि दाजींशी बोललो. धाकटा या हंगामात माझ्याकडे राहील आणि भाचीची मेस मी भरेन. दाजी थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "यंदा बघू." पुढच्या वर्षीचं कुणीच बोललं नाही.

काम लागेलच, असं मी भाचीला सांगितलं नाही. दर रविवारी फोनवर एवढंच विचारतो, या आठवड्यात लॅब किती वेळा उघडली आणि सीआरओला तुझा हात लागला का?