अनुच्चारित म्हणजे कोणाच्या तोंडी?

तर झालं असं की, गेल्या मे महिन्यात चार दिवस घरी मालवणला गेलो होतो. आजीला मुंबईच्या चुलतभावाला निरोप पाठवायचा होता. त्याने बदलापूरच्या प्लॉटवर आंब्याची कलमं लावलीत, त्यांची चौकशी. मी ऐटीत मोबाईल तिच्यासमोर धरला. म्हटलं, तू नुसती बोल, हा आपोआप लिहितो.

आजी बोलली, "झाडां किती वाढली ता इचार."

मोबाईलने लिहिलं, "झाडा किती वाढली तर विचार."

आजीने चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, "मेल्या, ह्या काय लिवल्यान?"

दोन चुका. 'ता' म्हणजे 'ते', त्याचं 'तर' झालं. ते एक वेळ सोडा. पण 'झाडां'वरचा टिंब कुठे गेला? आजीने तो नाकातून स्वच्छ उच्चारला होता, मी शेजारीच बसलो होतो. आणि एकदम चौथीतली शुद्धलेखनाची वही आठवली. 'झाडां' लिहिलं होतं, गुरुजींनी लाल शाईने 'झाडे' केलं आणि वर म्हणाले, "नाकात बोलतोस ते बोलतोस, निदान नाकात लिहू तरी नको." वर्ग हसला, मीही हसलो. तेव्हापासून शाळेत 'झाडे' आणि घरात 'झाडां' अशी दोन खाती उघडली, ती आजपर्यंत चालू आहेत.

तो टिंब नक्की कोणी आणि कशाच्या जोरावर उडवला, हे शोधायला वीकांत घालवला. त्यातून निघालेली ही गोष्ट.

जुनी पत्रं पाहिलीत कधी? आमच्या पणजोबांच्या पत्रांत 'मीं', 'कांहीं', 'पांच', 'नांव', 'झाडें' अशी टिंबांची रांगोळी असते. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली लेखनाचे १४ नियम केले (१९७२ साली त्यांत आणखी ४ आले आणि एकूण १८ झाले). त्या नियमांनी ही रांगोळी पुसली. तत्त्व साधं होतं: जो अनुस्वार स्पष्ट उच्चारला जातो तो लिहा, जो उच्चारला जात नाही तो लिहू नका. विद्यार्थी सुटले, छापखानेवाले सुटले. मलाही तो नियम पटतो, कारण लेखनाला कुठेतरी एक ठरलेला साचा लागतोच. आमच्या धंद्यात त्याला स्टँडर्ड म्हणतात, आणि स्टँडर्डशिवाय काय होतं हे जुन्या मराठी फॉन्टांच्या काळात आपण सगळ्यांनी भोगलंय.

पण 'अनुच्चारित' हा शब्द जरा थांबून वाचा. 'हा टिंब लिहू नका' हा नियम झाला. 'हा टिंब कोणी उच्चारत नाही' हे मात्र विधान आहे. विधान म्हटलं की ते तपासावं लागतं, आणि उच्चाराबद्दलचं विधान तपासायचं तर कान देऊन ऐकावं लागतं. कोणाचं बोलणं ऐकायचं, यावर उत्तर बदलतं. पुण्यातल्या बैठकीत 'झाडें'वरचा टिंब अनुच्चारित असेल. मालवणात नपुंसकलिंगी अनेकवचनाचं 'झाडां', 'पोरां' नाकातूनच येतं. 'मी जातंय' आणि 'तो जाता' यांतला नाकातला सूर तर कोण जातंय हे सांगायला मदत करतो. तो शोभेचा नाही, कामाचा आहे.

एखादा आवाज कामाचा की शोभेचा, हे ठरवायचं एक शास्त्र आहे. मराठीत त्याला स्वनिमविज्ञान म्हणतात. १९२८ साली हेग शहरात भाषाशास्त्रज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे रोमान याकोबसन, निकोलाय त्रुबेत्स्कोय आणि सेर्गेई कार्त्सेव्स्की या तिघांनी आपली भूमिका मांडली. मग १९३० साली प्रागमध्ये फक्त याच विषयावर परिषद झाली. ढोबळ कल्पना अशी: दोन आवाज अदलाबदल केल्यावर अर्थ बदलला, तर ते दोन वेगळे स्वनिम. नाही बदलला तर एकाच स्वनिमाची दोन रूपं. थोडक्यात, टेस्ट केस लिहायची आणि चालवून बघायची.

हे आपल्यावर करून बघा. 'जग' मोठ्याने वाचा. एकदा 'दुनिया' या अर्थाने, एकदा 'शंभर वर्षं जग' या अर्थाने. अक्षरं तीच, पण 'ज' वेगळा! 'चार' आणि 'चारा' यांतला 'च' तसाच. म्हणजे 'मराठी जशी बोलतात तशी लिहितात' हे आपण शाळेत पाठ केलं, ते पुण्यामुंबईच्या मराठीलाही पूर्ण लागू नाही.

आता हे शास्त्र आपल्याकडे कसं आलं? पुण्याचं डेक्कन कॉलेज १९३९ साली संशोधन संस्था म्हणून नव्याने सुरू झालं. सुमित्र मंगेश कत्रे तिथे भाषाशास्त्राचे प्राध्यापक आणि पुढे संचालक. कोकणीच्या घडणीवरचं त्यांचं पुस्तक १९४२ चं. त्यांच्या पुढाकाराने १९५३ साली पुण्यात भाषाशास्त्रज्ञ आणि शिक्षणतज्ज्ञ एकत्र बसले, रॉकफेलर फाउंडेशनचा पैसा आला, आणि १९५५ पासून भाषाविज्ञानाच्या उन्हाळी शाळा भरू लागल्या. जॉन गंपर्झ, विल्यम ब्राइट असे तरुण अमेरिकन त्या वर्षांत भारतात येऊन काम करत होते. (याच गंपर्झनी पुढे रॉबर्ट विल्सनबरोबर सांगलीजवळच्या कुपवाडची बोली अभ्यासली. १९७१ साली छापलेल्या त्या निबंधामुळे कुपवाड हे नाव जगभरच्या भाषाशास्त्रज्ञांना माहीत झालं. सांगलीकरांनो, कॉलर ताठ करा.)

अशा शाळेत मुख्य धडा ऐकण्याचा असतो. एखादी बोली बोलणारा माणूस समोर बसतो. विद्यार्थी विचारतात, याला तुमच्याकडे काय म्हणतात, आणि दोन असली तर? तो बोलतो, विद्यार्थी ऐकलं तसं खुणांच्या लिपीत उतरवतात. वही शेजारच्याशी जुळली नाही, तर 'शुद्ध काय' हा वाद घालायचा नाही, त्या माणसाला पुन्हा बोलायला सांगायचं. माझ्या चौथीच्या वर्गाच्या बरोब्बर उलट! याच काळात ना. गो. कालेलकरांचं 'ध्वनिविचार' आलं (१९५५), आणि अशोक केळकरांनी अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात मराठीच्या स्वनव्यवस्थेवर आणि रूपव्यवस्थेवर प्रबंध लिहिला (१९५८).

याआधी काय होतं? ग्रियर्सनचं भारतीय भाषांचं सर्वेक्षण. त्याचा मराठीचा खंड १९०५ चा. कोकणी त्यात मराठीची बोली म्हणून आली आहे आणि आमची कुडाळी तिच्या पोटात. त्याची पद्धत अशी की बायबलमधल्या उधळ्या मुलाची गोष्ट जिल्ह्याजिल्ह्यांतून तिथल्या बोलीत लिहवून मागवायची. काम अफाट, पण बरंचसं टपालाने झालेलं. नाकातला सूर पाकिटात कितपत मावणार?

आणि मग आला १९६५ चा 'कुडाळी' हा ग्रंथ. लेखक अमृत माधव घाटगे, प्राकृतचे मोठे पंडित. मराठी बोलींच्या सर्वेक्षणाच्या मालेतला हा दुसरा भाग. पहिला १९६३ चा, दक्षिण कानडा जिल्ह्यातल्या कोकणीवर. प्रकाशन राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाचं. आता तारखा शेजारी ठेवा. १९६२ साली सरकारच्या संमतीने टिंब उडाला. तीन वर्षांनी सरकारच्याच पैशाने तळकोकणच्या बोलीचे आवाज ऐकून नोंदवलेलं पुस्तक निघालं. एकाच इमारतीतल्या दोन खिडक्या. दोन्हींची कामं रास्त होती. पण पहिल्या खिडकीतला कागद प्रत्येक शाळेत पोचला आणि दुसरीतलं पुस्तक ग्रंथालयाच्या कपाटात राहिलं. गुरुजींनी ते पाहिलं असण्याची शक्यता शून्य. त्यांचा दोष नाहीच.

त्याच सुमाराला मोठं भांडण पेटलेलं होतं: कोकणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा? १९६७ चा गोव्याचा जनमत कौल, १९७५ साली साहित्य अकादमीची मान्यता, १९८७ चा राजभाषा कायदा, १९९२ साली आठवी अनुसूची. कोकणीला तिचा मान मिळाला, ठीकच झालं. या ओढाताणीत आमची मालवणी दोन्ही बाजूंना पुरावा म्हणून लागायची. ती नक्की कशी बोलली जाते, यात फार थोड्यांना रस होता. नंतर गंगाराम गवाणकरांच्या 'वस्त्रहरण'ने १९८० साली तिला रंगभूमीवर आणलं, मच्छिंद्र कांबळींनी ती गावोगाव नेली आणि महाराष्ट्र पोट धरून हसला. आम्हीही हसलो. पण मालवणी म्हणजे विनोद, हे समीकरणही तेव्हाच पक्कं झालं.

असो. बरी बातमी अशी की डेक्कन कॉलेज पुन्हा गावोगाव फिरतंय. सोनल कुलकर्णी-जोशी यांच्या नेतृत्वाखाली, राज्य मराठी विकास संस्थेच्या मदतीने, २०१७ पासून मराठीच्या बोलींचं नवं सर्वेक्षण झालं आहे. या वेळी टपाल नाही, रेकॉर्डर आहे, आणि आवाज आंतरजालावर ऐकता येतात.

हे आता का महत्त्वाचं, तर तो मोबाईल. यंत्र ज्या मजकुरावर शिकतं, तो जवळजवळ सगळा १९६२ नंतरच्या नियमांनी लिहिलेला. माझा अंदाज असा की यंत्राने टिंब ऐकलाही असेल, पण 'झाडां' असा शब्दच त्याच्या वहीत नसेल. म्हणजे गुरुजींची लाल शाई आता खिशात आली. फरक एवढाच की गुरुजींना कळत होतं, हा पोरगा काय बोलला ते.

तेव्हा मंडळी, एक विनंती. पुढच्या सुट्टीत गावी जाल, तेव्हा आजीचं, आत्याचं, शेजारच्या काकांचं दहा मिनिटांचं बोलणं त्यांना विचारून रेकॉर्ड करा. काय बोलतात ते महत्त्वाचं नाही. माशांचे भाव चालतील, शेजारणीची चुगली तर उत्तमच. गाव आणि तारीख लिहून ठेवा. आणि ऐकताना एकही शब्द सुधारू नका.

मी त्या दिवशी तो मजकूर पुसला आणि व्हॉइस नोट पाठवली. भावाचं उत्तर तासाभरात आलं, तेही व्हॉइस नोटच: "झाडां बरी आसत गे आजी. दोन मेली, बाकीची जगली."

आजीने ती तीनदा ऐकली.